सहलीतला टी-शर्ट आणि निलंबनाची मागणी: मुख्याध्यापकांना उत्तर

तासगाव तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नववीच्या मुलांची एक दिवसाची सहल सागरेश्वर अभयारण्यात गेली होती. सोबत तीन शिक्षक होते, त्यांत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई. त्यांनी जीन्स, टी-शर्ट आणि बूट घातले होते. सहलीचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. तिथून कुणीतरी तो कापून फक्त बाईंपुरता ठेवला आणि ‘गुरुजनांना हे शोभतं का?’ असं लिहून गावातल्या ग्रुपांवर फिरवला. दोन दिवसांत एका स्थानिक न्यूज पोर्टलने तो लावला. आता संस्थेचे सचिव म्हणतात, बाईंना निलंबित करा आणि माफीचा व्हिडिओ घ्या. गावातले काही लोक निवेदन घेऊन शाळेत येऊन गेले. शासनाचा ड्रेस कोड आहे, तो मोडला गेला हेही खरं. मग मुख्याध्यापकाने करायचं काय?

मी सांगलीत वकिली करते. शाळा, पतसंस्था, बँका, कारखाने यांच्या खातेनिहाय चौकशा हे माझं नेहमीचं काम, आणि काही आस्थापनांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणूनही बसते. त्या अनुभवावरून उत्तर देते.

सर, निलंबनाचं पत्र बाईंच्या हातात अजून दिलं नसेल तर देऊ नका. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू होते. तिच्यात निलंबन हे रागाच्या भरात उचलायचं पाऊल नाही. गैरवर्तन, नैतिक अधःपतन, जाणूनबुजून आणि सतत केलेली हलगर्जी किंवा अकार्यक्षमता असा आरोप असेल, पदावनती किंवा सेवेतून काढण्याइतकी मोठी शिक्षा करण्याच्या हेतूने चौकशी करायची असेल, तर आणि तरच निलंबन. तेही शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन. परवानगी न घेता केलं तर निलंबनाच्या काळात द्यायच्या निर्वाह भत्त्याचा बोजा संस्थेच्या अंगावर पडतो. डोंगरावर घातलेल्या टी-शर्टसाठी बडतर्फीच्या उद्देशाने चौकशी लावतो आहोत, असं शिक्षणाधिकाऱ्यांना लिहून द्यायला सचिव तयार आहेत का, एवढंच त्यांना विचारा. माझा अनुभव असा की हा प्रश्न कागदावर आला की आवाज खाली येतो.

चौकशी लावायचीच म्हटली तरी तिची रीत ठरलेली आहे. आधी आरोपांचं निवेदन द्यायचं, सात दिवसांत खुलासा मागवायचा. त्याने समाधान झालं नाही तर तीन जणांची समिती. त्यांत एक संस्थेचा माणूस, एक खुद्द कर्मचाऱ्याने निवडलेला आणि एक शासनाचा पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. सचिवांनी गावकऱ्यांसमोर ‘आजच्या आज घरी बसवतो’ असा शब्द दिला असेल तर तो त्यांना कायद्याने पाळताच येणार नाही. मोठी शिक्षा झाली तर बाई तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करतील, आणि अशा पायावरची शिक्षा तिथे टिकेल असं मला वाटत नाही. तोवर शाळेची दोन वर्षं तारखांत जातील.

आता ड्रेस कोडबद्दल. शालेय शिक्षण विभागाचा १५ मार्च २०२४ चा आदेश आहे. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. शिक्षकांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स, टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, असं त्यात आहे. शिक्षकांच्या नावाआधी ‘टि’ (म्हणजे टीचर) लावायची सूचनाही त्याच आदेशातली. म्हणजे बाईंनी घातलेले दोन्ही कपडे त्या यादीत बसत नाहीत, हे मान्य करूनच पुढे जावं लागेल. ‘काय झालं त्यात’ असं म्हणून उडवून लावू नका. शाळा नियमाला जुमानत नाही हा ठपका तुमच्यावर येईल, आणि बाईंचं नुकसानच होईल.

पण नियम आहे म्हणजे काय, तेही पाहिलं पाहिजे. त्या आदेशाचा भर वर्गात, मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या नीटनेटकेपणावर आहे. सागरेश्वरच्या वाटा तुम्ही पाहिल्या असतील. चढ आहे, मुरूम पायाखालून घसरतो, दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं. पस्तीस-चाळीस पोरं हरणं दिसली की रेलिंगकडे धावतात आणि त्यांच्यामागे शिक्षकाला पळावं लागतं. अशा ठिकाणी साडीचा पदर किंवा दुपट्टा सांभाळत धावणारी बाई मुलांच्या सुरक्षिततेसाठी कितपत उपयोगी, याचं उत्तर निवेदन देणाऱ्यांकडून मागा. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच तरतूद होती की चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या कामगाराचे कपडे अंगाला घट्ट बसणारे हवेत, आणि ते पुरवायची जबाबदारी कारखान्याची. कुपवाडच्या एमआयडीसीत सैल बाही घालून यंत्राच्या पट्ट्याजवळ जाणाऱ्या माणसाला सुपरवायझर लगेच मागे ओढतो, तिथे सभ्य-असभ्य असा प्रश्नच येत नाही. काम काय आहे त्यावर कपडा ठरतो, आणि ही समज आपल्या कायद्यात सत्तरहून अधिक वर्षं आहे.

मी ड्रेस कोडच्या विरोधात नाही, हे इथेच सांगते. मी स्वतः रोज काळा कोट आणि पांढरे बँड लावून कोर्टात उभी राहते. बार कौन्सिलच्या नियमांनी उन्हाळ्यात जिल्ह्याच्या कोर्टांत कोटाची सक्ती नाही, पण बँड चुकत नाहीत. मला त्या वेषाचा फायदाच झाला आहे. नव्याने आलेली मुलगी आणि तीस वर्षं मुरलेला वकील कोर्टासमोर एकसारखे दिसतात, ही साधी गोष्ट नाही. २०२० च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत एक वकील टी-शर्ट घालून पलंगावर पडून हजर झाले, तेव्हा न्यायालयाने किमान शिष्टाचार पाळा म्हणून सुनावलं. ते योग्यच होतं. त्याआधी एप्रिलमध्ये राजस्थान उच्च न्यायालयात एक वकील बनियनवर दिसले आणि जामिनाची सुनावणी पुढे गेली. नुकसान त्या वकिलाचं झालं नाही, त्याच्या तुरुंगातल्या पक्षकाराचं झालं. कपड्याकडे दुर्लक्ष केल्याने दुसऱ्याचं नुकसान होतं, तिथे मी कडक आहे.

पण याच न्यायसंस्थेत उलटही घडलेलं आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात नोटीस लागली होती की महिला वकील कोर्टात केस नीट करतात, त्यामुळे कामकाजात व्यत्यय येतो. टीका झाली आणि ती मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी पाटणा उच्च न्यायालयात एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याला कोट नाही, शर्टाचं वरचं बटण उघडं आहे म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. पुढे ३ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अधिकाऱ्यांच्या हजेरीबाबत कार्यपद्धती ठरवून दिली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की अधिकाऱ्याच्या पदाला लागू असलेल्या वेषाच्या नियमाचा भंग झाला असेल तेवढं सोडून न्यायालयांनी त्याच्या कपड्यांवर, दिसण्यावर टिप्पणी करू नये. हा आदेश शाळांना थेट लागू नाही. पण एवढ्या मोठ्या अधिकाराच्या जागेवर बसलेल्यांनीही जाहीर शेरेबाजी आवरावी असं सर्वोच्च न्यायालय म्हणत असेल, तर गावच्या ग्रुपवर एका शिक्षिकेचा पंचनामा करायचा अधिकार कुणाला आहे?

सर, आता तुम्ही एक काम करा. तो फोटो मूळ, न कापलेला, मिळवा. तुमच्या पत्रासोबत जो आला आहे त्यात उजव्या कडेला एका पुरुषाच्या निळ्या जीन्सचा गुडघा आणि पांढरा बूट दिसतो. तो कुणाचा? बाकीचे दोन शिक्षक त्या दिवशी काय घालून होते? माझा अंदाज आहे की त्यांनीही जीन्सच घातली होती, कारण डोंगरावर कुणीही तेच घालेल. तसं असेल तर तुमच्यापुढचा प्रश्न ड्रेस कोडचा राहत नाही. एकाच आदेशात पुरुषांनाही जीन्स आणि टी-शर्टची मनाई आहे. तिघांनी एकच नियम मोडला आणि नोटीस एकीलाच गेली, तर ती कारवाई संविधानातल्या समानतेच्या, म्हणजे कलम १४ आणि १५ पुढे क्षणभर उभी राहणार नाही. कापलेल्या फोटोतून काय वगळलं हे तुम्ही आधी पाहा, सचिवांना दाखवा, आणि मूळ फोटो शाळेच्या फाइलला लावा. या प्रकरणात यापेक्षा महत्त्वाचा कागद दुसरा नसेल.

कपड्यांच्या बाबतीत तुम्ही करायचं ते फार थोडं आहे. तिन्ही शिक्षकांना एकाच मजकुराचं साधं पत्र द्या: अमुक तारखेच्या सहलीत शासन आदेशातल्या वेषापेक्षा वेगळा वेष होता, त्याबद्दल आपलं म्हणणं कळवावं. ‘अशोभनीय’, ‘संस्कृतीला काळिमा’, ‘अंगप्रदर्शन’ असला एकही शब्द त्यात नको. कपड्याचं नाव लिहा, चारित्र्याबद्दल काही लिहू नका. उत्तर येईल की डोंगर चढायचा होता. ते मान्य असल्याचं नोंदवा आणि तो विषय तिथे बंद करा. बाईंशी बोलताना दार उघडं ठेवा आणि शाळेतल्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षिकेला सोबत बसवा, पण ‘तुम्ही काय घालून आलात ते बघा’ असं त्यांना उभं करून कुणी बोलू नये. त्यांच्याकडे आधी विचारपूस करा की घरी कसं आहे, फोन येतात का, रस्त्यात कुणी अडवलं का. दोन दिवस रजा हवी असेल तर द्या. पण तुमच्या तोंडून रजेचा आग्रह नको. त्या घरी बसल्या की गाव त्याचा अर्थ निलंबन असाच लावणार.

मग शाळेचा स्वतःचा वेषाचा नियम लिहून काढा. सहल, क्रीडादिन, श्रमदान, प्रयोगशाळा, पूरपरिस्थितीत शाळेत लावलेलं निवारा केंद्र, या कामांसाठी सोयीचे कपडे चालतील असं त्यात स्पष्ट हवं. प्रयोगशाळेत बर्नरजवळ दुपट्टा चालणार नाही हेही लिहा. शिक्षकसभेत चर्चा करा, शिक्षिकांचं म्हणणं इतिवृत्तात येऊ द्या, मग शाळा समितीपुढे ठेवा. वेषाबाबतचे नियम दगडावरची रेघ नसतात. राज्य सरकारने ८ डिसेंबर २०२० ला मंत्रालयासह सगळ्या कार्यालयांत जीन्स आणि टी-शर्ट बंद केले, आणि काही महिन्यांतच जीन्सवरची बंदी उठवली, टी-शर्टवरची ठेवली. शासन आपला आदेश बदलू शकतं, तर शाळा एका दिवसाच्या सहलीपुरती सवलत निश्चित लिहू शकते.

आता फोटो. या प्रकरणातला खरा गंभीर भाग हा आहे आणि तुमच्या पत्रात त्यावर एकच ओळ आहे. कपडे ही शाळेची अंतर्गत बाब. एका बाईचा फोटो तिला न विचारता कापून, खाली मजकूर जोडून शेकडो लोकांत फिरवणं ही फौजदारी बाब होऊ शकते. फोटोखाली आलेल्या प्रतिक्रियांपैकी तीन तुम्ही मला पाठवल्या आहेत. त्या मी इथे लिहिणार नाही. त्यांतली एक तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांच्या कलमात, बसते असं माझं मत आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. बदनामीचं कलम ३५६ वेगळं, त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करावी लागते. तक्रार करायची की नाही हे बाईंनी ठरवायचं. तुम्ही त्यांच्यावर दबाव आणू नका, तक्रार करा असाही नको आणि करू नका असाही नको. पण पुरावा आजच जमवा: ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, पोर्टलची लिंक. ज्या फोनवर ते मेसेज आले तो फोन जपून ठेवायला सांगा, त्यातले मेसेज पुसू देऊ नका. सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात जायची वेळ आली तर हेच लागणार.

पालकांच्या ग्रुपचे ॲडमिन कोण आहेत? शाळेचे शिक्षक असतील तर आजच सूचना टाका की सहलीचे फोटो बाहेर पाठवू नयेत. कारण मूळ फोटोत पस्तीस-चाळीस अल्पवयीन मुलामुलींचे चेहरे आहेत. त्यांच्या आईबापांना विचारून ते बाहेर गेले का? हा मुद्दा गावात सगळ्यांना लगेच कळतो. पोर्टलच्या संपादकाला शाळेच्या लेटरहेडवर लिहा, मूळ घटना तीन वाक्यांत सांगा आणि फोटो काढून टाकायची मागणी करा.

सचिवांबद्दल एक नाजूक बाब. तुम्ही लिहिलं आहे की बैठकीत ते बाईंच्या शरीरयष्टीबद्दल बोलले. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात असली शेरेबाजी येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक शाळेत अंतर्गत समिती हवी. तुमच्याकडे ती कागदावर तरी आहे का, पाहा. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, आणि ती मालकाच्या जागी असलेल्या माणसाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे सचिवांना धमकी म्हणून सांगू नका, पण माहिती म्हणून एकांतात जरूर सांगा. पुष्कळ लोकांना खरंच ठाऊक नसतं की बैठकीच्या खोलीतलं बोलणंही यात धरलं जातं.

आणि माफीचा व्हिडिओ. तो घेऊ नका, कुणाला घेऊ देऊ नका. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतली तरुण रोखपाल माझ्याकडे आली होती. संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात बिनबाह्यांचा ब्लाऊज घातला म्हणून ठेवीदारांपैकी काहींनी गदारोळ केला आणि व्यवस्थापनाने तिला कॅमेऱ्यासमोर उभं करून माफी वाचायला लावली. तिने तो व्हिडिओ मला ऑफिसात दाखवला. चौकटीच्या एका कोपऱ्यात कागद धरलेला हात दिसत होता, घड्याळ घातलेला, व्यवस्थापकांचा. ती त्या कागदाकडे बघून वाचत होती आणि ‘संस्थेच्या प्रतिमेला’ या शब्दांवर दोनदा अडखळली. फोटो आठवडाभरात लोक विसरले असते. व्हिडिओ मात्र राहिला. पुढे ती दुसरीकडे मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्यांनी तो पाहिलेला होता. आम्ही नोकरीची लढाई लढलो, तडजोडीत पैसे मिळाले, पण त्या अर्ध्या मिनिटाचं काहीच करता आलं नाही. जमावाला शांत करायला माणूस पुढे ढकलायचा, हे मी कितीदा पाहिलं आहे. जमाव शांत होतोही. किंमत मात्र एकटी ती बाई मोजत राहते, आणि संस्थेतल्या बाकीच्या स्त्रिया त्या दिवसापासून गप्प होतात.

गावाशी बोलायला तुम्हीच जा, बाईंना नेऊ नका. पालकसभा शाळेत घ्या, मंदिरात किंवा ग्रामपंचायतीत नको. माझ्या मते एवढं म्हटलं तरी पुरे: ‘सहलीत सोबत गेलेल्या तिन्ही शिक्षकांच्या वेषाबाबत शाळेने नियमानुसार दखल घेतली आहे. सगळी मुलं सुखरूप परत आणली याबद्दल शाळा त्या तिघांची आभारी आहे. सहलीचा फोटो कापून फिरवला गेला, मूळ फोटोत आपल्याच गावची मुलं होती, त्याबद्दल शाळेला चिंता आहे आणि त्याची दखलही घेतली जाईल.’ कुणी कपड्यांवरून उठून बोलायला लागला तर नियमाची प्रत हातात द्या. कुणी बाईंच्या घरच्यांवर, लग्नावर, जातीवर घसरला तर तिथल्या तिथे थांबवा आणि इतिवृत्तात नोंद करायला सांगा. नोंद होतेय म्हटल्यावर जीभ सावरते. सभेला आयांना आवर्जून बोलवा. निवेदनावर सह्या कुणाच्या आहेत ते मी पाहिलं, एकही आई नाही. नववीतल्या मुलींच्या आयांना या बाईंबद्दल काय वाटतं, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.

त्या मुलींचाही विचार करा. त्या रोज वर्गात बसून हे सगळं बघतायत. कबड्डीला ट्रॅकपँट घालायची की नाही, पुढच्या सहलीला यायचं की नाही, हे त्या यावरूनच ठरवतील. सागरेश्वरला झाडांची, हरणांची माहिती सांगत ज्या बाई त्यांच्यासोबत चढल्या, त्याच बाई सोमवारी फळ्यापुढे उभ्या राहिल्या पाहिजेत. वेळापत्रकात बदल करू नका, त्यांचे तास दुसऱ्याला देऊ नका.

संस्थेची सभा शुक्रवारी आहे म्हणता. निलंबनाचा ठराव आलाच तर तुमचं लेखी मत आधी आवक क्रमांक घालून द्या: आदेशाचा हेतू, सहलीचं ठिकाण, तिन्ही शिक्षकांचा वेष, मूळ फोटोची प्रत, आणि निलंबनाला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते ही आठवण. एक पानापेक्षा मोठं नको. ठराव तरीही झाला तर तुमची असहमती इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागा. नंतर मिळत नाही.